हळूहळू आयोडीन पिणारं तेल

“यात भेसळ हाय, एवढं लिहून द्या, मॅडम,” म्हणत पुंडलिकदादांनी तेलाची बाटली माझ्या लॅबच्या टेबलावर ठेवली. वडप्याला त्यांचा छोटा प्लांट आहे. एरंडेलावर प्रक्रिया करून पेंटसाठी लवकर वाळणारं तेल बनवतात. पेंट कंपनीने त्यांचा टँकर अडवला होता. आयोडीन व्हॅल्यू कमी, म्हणजे स्वस्त तेल मिसळलंय, असं कंपनीचं म्हणणं. प्लांट धाकटा भाऊ जनार्दन सांभाळतो. दादांनी संशयावरून त्याला घरी बसवलं होतं. माझी सही मिळाली की कायमचं बसवणार होते.

तेलात दुहेरी बंध असतात, म्हणजे आयोडीनसारख्या हॅलोजनला बसायच्या जागा. आयोडीनचं तपकिरी द्रावण घालायचं, फ्लास्क अंधारात ठेवायचा, मग उरलेलं मोजायचं. तेलाने जेवढं प्यायलं, तेवढ्या जागा; हीच आयोडीन व्हॅल्यू. वेग वाढवणारा कॅटालिस्ट घातला की हे काम काही मिनिटांत उरकतं. कंपनीची मेथड हीच, घाईची. मीही तीच वापरली. व्हॅल्यू कमीच आली.

खरं सांगते, मला जनार्दनसाठी वाईट वाटलं.

मोजताना आयोडीन संपवणारं द्रावण थेंबाथेंबाने सोडत गेलं, की तपकिरी रंग पिवळा होत जातो. स्टार्च घातला की गर्द निळा होतो, आणि शेवटच्या एका थेंबाला तो निळा विरून जातो. शेजारच्या कारखान्यात कापडाचे लूम खडखडत असतात, दुपार जड झालेली असते आणि मी त्या निळ्यात हरवते. माझी अशी तंद्री लागली की स्टाफ म्हणतो, मॅडम वज्रेश्वरीला पोचल्या. त्या दुपारीही पोचले होते. त्याच तेलाचा जोडीने लावलेला दुसरा फ्लास्क अंधाऱ्या कपाटात तसाच राहिला. उशिरा काढला, तर त्याची व्हॅल्यू जास्त.

मग मुद्दाम बरेच फ्लास्क लावले आणि थांबत थांबत एकेक काढला. प्रत्येक वेळी आकडा थोडा चढलेला. स्वस्त तेल मिसळलं असतं, तर जागाच कमी असत्या आणि तो खालीच अडकला असता. या तेलात बरेच दुहेरी बंध शेजारी शेजारी असतात. एकावर हॅलोजन चटकन बसतो. मग शेजारी दाटी होते आणि दुसरा फार सावकाश येतो. कॅटालिस्टलाही तिथे फारसं जमत नाही.

कंपनीत माल तपासणाऱ्या क्यूसीवाल्या साहेबांना फोन केला. ते म्हणाले, आमची मेथड पाच मिनिटांची आहे. मी म्हटलं, “मेथड पाच मिनिटांची आहे, रिअॅक्शन नाही.” त्यांनी स्वतः थांबून पाहिलं आणि टँकर सोडला.

दादांना बोलावून सगळं सांगितलं.

“मंग जनूनी काय न्हाय घातलं?”

“काहीच नाही, दादा.”

“मी तं त्याला गावादेखत चोर बोललो.”

जनार्दन कामावर परतला. आता टँकर भरला की तो कुणी न सांगता स्वतः सॅम्पलची बाटली भरतो, भावासमोर सील करतो, वर भावाची सही घेतो आणि मगच माझ्याकडे पाठवतो. तेलात कधीच भेसळ निघत नाही. बाटली मात्र दर टँकरला येते.