मेलेनाइतेने लावलेला गजकर्णाचा छडा

वावाऊ बेटावरच्या तीस वर्षांच्या नोकरीत मेलेनाइते नर्सबाईने खूप काही पाहिलं होतं. पण रग्बीच्या अंतिम सामन्याला चार दिवस उरलेले आणि गावचे सहा धिप्पाड गडी दवाखान्याच्या ओट्यावर ओळीने खाजवत बसलेत, असं दृश्य तिच्याही वाट्याला पहिल्यांदाच आलं. अंगावर नाण्याएवढे लाल, गोल चट्टे.

"गजकर्ण," ती म्हणाली.

"सगळे झोपतात त्या चर्चच्या हॉलमधल्या चटयांचा प्रताप," प्रशिक्षक सेमिसी तणतणला. "जाळतोच सगळ्या."

"माझ्या आईने विणल्यात त्या. हात लावून तर बघ."

ती एकेकाला तपासत गेली, आणि तिसऱ्या गड्यापाशी थबकली. चट्टे होते हातांच्या आतल्या बाजूला, छातीवर, मानेवर. पाठ मात्र सगळ्यांची स्वच्छ. चटईवर लोळणाऱ्याची पाठ कशी सुटेल?

"तुम्ही सगळे काय उराशी धरता रे?"

सहाही माना खाली गेल्या. वुंगाच्या तर दाढीतच चट्टा होता.

"वुंगा, तुझी नाळ मी कापलीय. माझ्याशी खोटं बोलू नकोस."

"मांजराचं पिल्लू आहे, बाई," तो पुटपुटला. "ते आल्यापासून पाच सामने जिंकलो. म्हणून मैदानात उतरण्याआधी प्रत्येक जण त्याला कवटाळतो. पलीकडच्या गावाला कळलं तर हसतील."

"पळ, घेऊन ये."

बाहेरून आलेल्या एका डॉक्टरने मागे ठेवलेला, गजकर्णाची बुरशी चमकवणारा जांभळ्या उजेडाचा दिवा तिने कपाटातून काढला, खिडक्यांवर चादरी टाकल्या. पिल्लू वरून गुटगुटीत, निरोगी. पण दिवा कानामागे नेताच तिथले केस हिरवेगार चमकले.

"दिसलं का? सेमिसी, दिसलं का तुला?" ती लहान पोरीसारखी त्याचा दंड हलवत राहिली.

मग तिला उसंत नव्हती. दिवसातून दोनदा मलम, कपडे उकळून उन्हात, पिल्लू तिच्या न्हाणीघरात कोंडलेलं आणि त्याचं औषध राजधानी नुकुआलोफाहून बोटीने मागवलेलं. पाच जणांचे चट्टे पट्टीखाली झाकून त्यांना खेळता येणार होतं. वुंगाच्या दाढीला मलम पुरणार नव्हतं. गोळ्या, आणि सामना बंद. तो ढसाढसा रडला.

"पुढच्या वर्षी खेळशील," ती त्याच्या शेजारी बसून म्हणाली. "यंदा लांब राहून मित्रांना वाचव."

ज्या बाईने जन्मात रग्बी पाहिली नव्हती, ती शनिवारी कंबरेला गुंडाळलेली मानाची चटई पदर खोचल्यासारखी आवळून मैदानाच्या कडेने धावत होती. शेवटच्या मिनिटाला गावाने एका गुणाने सामना मारला, तेव्हा वुंगाने तिला उचलायला हात पसरले.

"लांब राहा," ती हसत ओरडली, "गोळ्या संपू देत आधी."

संध्याकाळी सगळं गाव पिल्लाला बघायला तिच्या दारात जमलं. तिने न्हाणीघराची कडी काढली नाही. सहा आठवडे कुणाच्या बापाला त्याला हात लावू दिला नाही.