उभं राहिलं की येणारा आजार

आमची सून आडवी असली की ठणठणीत आणि उभी राहिली की आजारी. असा आजार मी माहेरी वलगावात पाहिला नाही, इथं राजापेठेतही नाही. मोठ्या तापातून उठल्यापासून ओट्यापाशी दोन भाकरी थापल्या की ती भिंत धरायची. छाती धडधडते, अंधारी येते, म्हणायची. खाटेवर जरा पडली की तोंडावर रंग परत. कामाच्याच वेळी येणारा आजार कोण खरा मानेल?

तिचं माहेर अकोल्याचं. तिकडे जायचा बहाणा असेल, असं मला वाटलं. मुलाला मी तिच्यासमोरच सांगितलं, पोचवून दे हिला, बरी झाली तर येईल. त्याआधी तिला अळणी सोमवार धरायला लावले. दुखणं हटत नसलं की आमच्याकडच्या बाया एका वाराला मीठ सोडतात. सोमवारी तर ती न्हाणीच्या दारातच मटकन खाली बसायची. मला ते जास्तीचं नाटक वाटलं.

तिच्या भावानं अकोल्याचा एक डॉक्टर ठरवला, तिथं मी मुद्दाम सोबत गेले. त्यानं तिला यंत्र लावून आधी निजवलं, मग उभं केलं. म्हणाला, उभं राहिलं की हिचं रक्त पायात उतरतं, म्हणून हृदय धावत सुटतं. पाणी भरपूर पी, मीठ वाढव. मीठ वाढव म्हणणारा डॉक्टर मी पहिल्यांदाच पाहिला. त्यात तो तिच्या भावाच्या ओळखीचा.

घरी आल्यावर मी तिला खाटेवर निजवलं आणि मनगट धरलं. नाडी सावकाश होती.

"आता उभी राय."

"कावून, आई?"

"डॉक्टरले फसवशीन, मले नाई."

ती उभी राहिली. मी मनगट सोडलं नाही. हातात धरलेल्या कोंबडीची छाती उडते तशी नाडी उडायला लागली. माणूस तोंडानं काहीही सांगेल, नाडी कशी पळवेल?

"बस खाली," मी म्हटलं.

ती बसली. धाप ओसरल्यावर तिनं विचारलं, "मंग पोचवून देता काय मले?"

"भाकरी कोण करन?"

दुसऱ्या दिवशी मुलाकडून गॅसची शेगडी ओट्यावरून खाली उतरवून घेतली, पुढ्यात पाट टाकला. आम्ही जन्मभर बसूनच रांधलं होतं.

सोमवारी तिच्या ताटात मी मीठ वाढलं.

"सोमवार हाय, आई."

"मले मालूम हाय."

ती मिठाकडे बघत राहिली, मग माझ्याकडे. तिला माझा भरवसा वाटत नव्हता. मी समोरच बसून राहिले, ती जेवेपर्यंत.