बाळ परबांची राखण

"ठेवलेला सकाळी नसता, म्हणजे घेवक कोण तरी येता," असं बाळ परब एकदा म्हणाले होते.

तेव्हा ते इमारतीमागच्या पाण्याच्या टाकीवर बसून केळीचं पान पुसत होते. त्या दिवशी अमावास्या होती. शेजारच्या पिशवीत कापलेला कोंबडा होता.

बाळ परब अडुसष्ट वर्षांचे. वडील लालबागच्या गिरणीत होते. गिरणी बंद पडल्यावर कुटुंब घाटकोपरच्या डोंगरावरच्या चाळीत आलं. बाळ लिफ्टच्या कामाला लागले. खड्ड्यात उतरून ग्रीस, दोर, ब्रेक बघायचे. खाली काम करणाऱ्याने वर कोणीतरी आहे असं धरूनच चालायचं, असं ते नव्या पोरांना शिकवत. देवाविषयी त्यांचं मत फारसं वेगळं नव्हतं.

चाळ पाडून सात मजली इमारत झाली. मागे डोंगराला धरून ठेवणारी दगडी भिंत बांधली. भिंतीपलीकडे सुबाभूळ, झुडपं, कचरा आणि वर पुन्हा वस्ती. या भिंतीच्या पायथ्याशी बाळ परबांनी एक दगड मांडला. कुडाळकडच्या त्यांच्या गावात प्रत्येक जागेला एक राखणदार असतो. वर्षातून एकदा त्याला कोंबडा, भात, विडी द्यायची. दिवेलागणीला पान ठेवायचं, हात जोडायचे आणि मागे न बघता परत यायचं. मागे बघितलं तर दिलेलं तो घेत नाही. इतकाच विधी. इमारतीत कोणाची हरकत नव्हती.

मग त्यांचा मुलगा आकाश पवईच्या उतारावर मोटरसायकलवरून पडला. टँकरचं चाक पायावरून गेलं. पाय राहील की नाही, हे डॉक्टर बरेच दिवस सांगत नव्हते. बाळ परबांनी दगडासमोर शब्द दिला: पोरगा उभा राहिला तर दर अमावास्येला अख्खा कोंबडा.

आकाश उभा राहिला. आधी वॉकर, मग काखेत कुबडी. तेव्हापासून दर महिन्याला पान जाऊ लागलं आणि सकाळी कोंबडा नसायचा. भात मात्र तसाच राहायचा. विडीही.

"भात कसा खात नाही हो तुमचा राखणदार?" दुसऱ्या मजल्यावरच्या राधा मोरे विचारत. त्यांचं माहेर-सासर जालन्याचं. बाबासाहेबांच्या फोटोखेरीज घरात देवबीव काही नाही, आणि बाळ परबांशी रोज एक तरी वाद.

"इथलो राखणदार तुमच्यासारखो, घाटावरचो. त्याका भाकरी होयी असतली," बाळ परब म्हणाले. पुढच्या अमावास्येला त्यांनी खरंच भाकरी ठेवली. तीही राहिली.

पावसाळा संपता संपता राधाताईंनी बिबट्या बघितला. संध्याकाळी कपडे काढताना भिंतीवरून एक लांब शेपूट पलीकडे उतरली. त्यांनी ओरडून सगळ्यांना गोळा केलं. तोवर भिंत रिकामी होती.

"मांजर असेल गं," सेक्रेटरी अनिरुद्ध साळवी म्हणाला. "मुलुंडला, आरेत बिबट्या ठीक आहे. घाटकोपरला काय करेल यार तो?"

"एवढं मांजर? तुझ्या घरी पाठव, दूध पाज त्याला."

सगळ्यांत जास्त हसले बाळ परब. "राधाताई, आरेसून रिक्षान इलो काय तो? मीटर किती झालो?"

पुढे काही आठवडे राधाताई जिन्यात दिसल्या की कोणीतरी डरकाळी फोडायचं. त्यांनी पलटून शिव्या दिल्या, पण कपडे वाळत घालायची दोरी पुढच्या बाजूला घेतली. म्हणजे त्यांनी खरंच काहीतरी बघितलं होतं. पण दोरीकडे कोणाचं लक्ष नव्हतं.

मग वॉचमनच्या खोलीजवळ झोपणारी काळी कुत्री नाहीशी झाली. पंपाची वायर चोरीला जाते म्हणून मागच्या बाजूला कॅमेरा लावला होता. त्याच्याकडे बघायचं मात्र राहून गेलं होतं. कुत्रीसाठी अनिरुद्धने त्यातलं चित्रण पहिल्यांदा उघडलं. दुसऱ्या दिवशी वनखात्यात फोन गेला. वनरक्षक शीतल गावित येऊन भिंत बघून गेली. दगडासमोरची पिसं तिने काडीने उलटीपालटी केली. त्या संध्याकाळी सोसायटीच्या ऑफिसात तिच्यासह मीटिंग बोलावली. नेमकी अमावास्या होती. बाळ परब पिशवी घेऊनच आले. आकाश कुबडी भिंतीला टेकवून शेवटच्या खुर्चीवर बसला.

"पिंजरा लावा," एक जण म्हणाला.

"पिंजऱ्यात एक जाईल. जागा रिकामी झाली की दुसरा येईल," शीतल म्हणाली. "तो इथे राहत नाही. खायला मिळतं म्हणून येतो. ते थांबलं की येणं कमी होईल. कचरा उचला, दिवे लावा आणि हे कोंबड्याचं बंद करा."

सगळ्यांच्या माना बाळ परबांकडे वळल्या.

"मी बंद करूचंय नाय," ते म्हणाले. आवाज चढला नव्हता. "बिबट्या येता, येवंदे. माझा घेणारो वेगळो आसा. ह्यो पोरगो बघा. दोन पायांवर चलान इलो. कोणी चलवल्यान त्याका?"

"डॉक्टरनी," राधाताई म्हणाल्या. "आणि त्याने स्वतः. रोज जिना चढताना रडायचा तो, मी ऐकलंय."

"राधाताई, तुमका नाय कळाचा."

"मला शेपूट कळली होती काका. तुम्हीच रिक्षाचं भाडं विचारत होतात."

कोणीतरी हसलं. बाळ परब हसले नाहीत. ते हट्टाने बोलत नव्हते, हे खोलीतल्या सगळ्यांना दिसत होतं. त्यांच्या दृष्टीने मुलाचा पाय त्या दगडाशी बांधलेला होता. पान थांबवलं आणि उद्या पायाला काही झालं, तर ते कोणाला विचारणार होते?

"काका, एकदा बघून घ्या," अनिरुद्ध म्हणाला. "मागच्या अमावास्येचं आहे."

त्याने टीव्ही लावला. चित्र राखाडी, थोडं वाकडं. संध्याकाळचा उजेड अजून होता. बाळ परब पान घेऊन येतात. त्यांच्या मागोमाग आकाश, कुबडीवर. त्या महिन्यात त्याला स्वतः नमस्कार करायचा होता. बाळ परब वाकून पान ठेवतात. आकाश एक हात कुबडीवरून काढून छातीशी नेतो. वर भिंतीच्या कडेवर, झुडपाला लागून, एक गोलसर काळोख आहे. तो आधीपासूनच तिथे आहे. ते दोघे येण्याच्या आधीपासून.

दोघे वळतात. बाळ परब पुढे, नेहमीच्या चालीने, मान ताठ. विधी मोडू नये म्हणून आकाशही मागे बघत नाही. ओल्या लादीवर त्याची कुबडी सरकते. तो थांबतो, तोल सावरतो. काळोख भिंतीवरून उतरतो. त्याला खांदे फुटतात, शेपूट फुटते. पानापाशी येऊन तो खाली बघत नाही. आकाशच्या पाठीकडे बघतो. बराच वेळ बघतो. दोघांमधलं अंतर एका पार्क केलेल्या गाडीएवढं. पुढे बाळ परब चौकटीच्या बाहेर निघून गेलेले आहेत.

मग आकाश पुन्हा चालू लागतो. जनावर कोंबडा उचलतं आणि भिंतीवर उडी घेतं.

चित्रण संपलं. आकाश स्क्रीनकडे नाही, स्वतःच्या कुबडीच्या रबराकडे बघत होता.

"परत लाव," बाळ परब म्हणाले.

अनिरुद्धने परत लावलं. या वेळी ते पुढे वाकून बघत होते. जनावराकडे नाही, चौकटीच्या त्या कडेकडे, जिथून ते स्वतः बाहेर पडत होते. कडेला पोचल्यावर त्यांची मान एवढीशीही वळत नव्हती.

"आता काय ठरवायचं काका?" शीतलने विचारलं. तिच्या आवाजात टोचणी नव्हती.

बाळ परब उठले. पिशवी त्यांनी टेबलावर शीतलसमोर ठेवली. तिच्यातून केळीच्या पानाचं टोक बाहेर आलं होतं, ते नीट आत सारलं. दाराशी जाऊन चपला पायात सरकवल्या. उंबरा ओलांडायच्या आधी ते थांबले आणि वळून मागे बघितलं.

आकाश कुबडी काखेत घेत होता. त्याला वेळ लागला. बाळ परब दारातून बाजूला झाले. मुलाला आधी बाहेर जाऊ दिलं आणि त्याच्या पाठोपाठ, त्याच्याइतक्याच सावकाश चालीने निघून गेले.