बाहेरच्या भिंतीतला पाइप

भिंतीला तळहात लावून तो क्षणभर डोळे मिटायचा आणि म्हणायचा, "साहेब, हिला ताप आहे." आमच्या कंपनीतला हा प्लंबर मूळचा रत्नागिरीकडचा. वयाने माझ्याहून मोठा, तरी मी त्याला अरे-तुरेच करायचो. गल्फमध्ये राहिलेल्यांनी असा एखादा माणूस पाहिला असेलच. काम चोख, पण तोंडाला विश्रांती नाही.

मोहम्मद बिन झायद सिटीतल्या एका व्हिलाला आम्ही मागे नवी खोली आणि बाथरूम जोडत होतो. पाण्याचे पाइप मी नकाशात पश्चिमेच्या, बाहेरच्या भिंतीत दाखवले होते. तो डोकं खाजवत म्हणाला, "थंडीच्या मुलखात असल्या भिंतीत पाणी गोठतं म्हणे. इथे उकळेल. आतल्या भिंतीतून नेऊ या ना."

"इंजिनीयर तू की मी?"

"तुम्हीच, साहेब," तो हसला. "पण मग पाइपावर उष्णता अडवायला काळा फोम तरी चढवू."

हो म्हणालो. फोम मागवायचं मात्र साफ विसरलो.

चार दिवसांनी फोन आला. "फोम आला नाही, साहेब. गवंडी खोळंबलेत. थांबू, की भिंत बंद करू?" मी मीटिंगमध्ये होतो. "खलास, खलास," म्हणालो आणि फोन ठेवला. मला म्हणायचं होतं, आता बोलणं पुरे. पण इथे साइटवर खलास म्हणजे काम उरकून टाक. त्याने भिंत बंद केली.

जुलैत व्हिलाच्या मालकाच्या म्हाताऱ्या आईने नव्या बाथरूममधला गार पाण्याचा नळ सोडला. हाताला फोड आले.

मॅनेजरने आम्हा दोघांना समोर उभं केलं. "दीवार बंद करने को किसने बोला?"

प्लंबरने माझ्याकडे पाहिलं. राग नव्हता हो त्यात. मी बोलेन म्हणून तो वाट बघत होता. मी मोबाइल चाळत राहिलो. सांगायला लाज वाटते, पण मला माझी नोकरी दिसत होती, मुलांची शाळा दिसत होती.

"मेरी गलती, सर," शेवटी तोच म्हणाला. "सुनने में मिस्टेक हो गया."

आठवड्यात त्याचा व्हिसा कॅन्सल झाला. त्याची मुलगी नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला होती, हे मला ठाऊक होतं. मी निरोप द्यायलाही गेलो नाही.

महिन्याभराने त्याचा व्हॉइस मेसेज आला. शिव्या असतील म्हणून दोन दिवस उघडलाच नाही. शिव्या असत्या तर बरं झालं असतं.

"साहेब, त्या आजींचा हात बरा झाला का?"

मला माहीत नव्हतं. मी विचारायला गेलोच नव्हतो.