शरोफत आपाच्या घरचं जेवण

किर्गिझस्तानातल्या अरावान गावी आमच्या गल्लीत शरोफत आपा तंदूरमधले नान भाजून विकायची. नवरा तरणाच गेलेला. एकुलता एक नोदिर मॉस्कोला बांधकामावर गेला आणि दोन वर्षांनी त्याचा फोन आला तो थेट सीरियातून. तिथे लढणाऱ्या आपल्याकडच्या पोरांच्या टोळीत तो शिरला होता.

आपाने कधी जवळच्या ओश शहराच्या पुढे पाऊल टाकलं नव्हतं. तिने गाय विकली आणि तुर्कस्तानात सीरियाच्या सीमेवरच्या गावी जाऊन बसली. एकोणीस दिवस. पोरगा आला नाहीच, फोनवर बोलला तेवढाच.

"आई, तूच इकडे ये. तिकडे दीन-धर्म उरला नाही."

"मग मी दिवसातून पाच वेळा कुणापुढे वाकते रे? चल घरी, गाढवा."

"तुला नाही कळायचं."

"तुला ज्याने कळवलं, त्याची पोरं कुठं लढतायत ते विचार."

त्याने फोन ठेवला. ती हात हलवत परत आली.

त्याच हिवाळ्यात अनोळखी नंबरावरून नोदिरच्या प्रेताचा फोटो आला. आपाचा चष्मा फुटलेला, म्हणून खालचा मजकूर मला वाचायला लावला. 'मुबारक हो, तुमचा मुलगा शहीद झाला.'

"पुन्हा वाच," ती म्हणाली. मी पुन्हा वाचलं. ती रडली नाही.

इमामसाहेबांनी हात झटकले. "मयत समोर नाही, जनाज्याची नमाज कसली? आणि आपा, पोलिसांचं लचांड माझ्यामागे नको."

तरी तिने अख्ख्या गल्लीला पुरेल एवढा पुलाव रांधला. कोणी फिरकलं नाही. आले ते साध्या कपड्यातले दोन पोलीस, कोण कोण येतं ते लिहून घ्यायला.

"बसा," आपा त्यांना म्हणाली. "माझ्या पोराच्या नावाचं जेवण आहे. तुमच्याशिवाय कोणी येणार नाही."

ते मान खाली घालून जेवले. मी हे सगळं आमच्या फाटकाच्या फटीतून पाहिलं. "आपल्या पोराची नोकरी घालवायचीय का?" म्हणून नवऱ्याने माझा दंड धरला होता. खरं सांगते, त्याने धरला नसता तरी मी गेले नसते.

दुसऱ्या दिवसापासून तिच्या नानाला गिऱ्हाईक उरलं नाही. वसंतात ती उझगेनला बहिणीकडे निघाली. गाडीपाशी मी तिचा हात धरला. "आपा, माफ कर."

"हात सोड," ती म्हणाली. "गाडीवाला थांबलाय."