आईच्या आवाजातली चढाई

सोसायटीत आज कुणीतरी बाल्कनीत बोंबील वाळत घातलेत. वास आला आणि माझे पाय एका जागी ठरेनात.

नव्वदच्या दशकात पावणे औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्याने मला त्यांच्या कबड्डी संघासाठी नोकरीवर घेतलं होतं. त्यांच्याकडून तो माझा पहिला सामना. अंगात कोरी जर्सी आणि केसांत आमच्या दिवाळे कोळीवाड्यातला हाच वास, साबणानेही न गेलेला. तो सगळ्यांना येतोय या धास्तीने मी चढाईत कबड्डी तोंडातल्या तोंडात म्हणत होते. पंचांनी मला परत पाठवलं. "दम ऐकू येत नाही."

कप्तान वैतागली. "टेन्शन काय घेतेस? पुढच्या चढाईला पुन्हा तूच जा!"

तेवढ्यात प्रेक्षकांतून आई ओरडली, बाजारात मासळी विकताना ओरडायची तशी. "गो पोरी, आवाज काड ना! तुला कोन खातंय?"

सगळं मैदान हसलं. माझे कान तापले. त्याच रागात मी रेषा ओलांडली, आणि घशातून निघाला तो थेट आईचा आवाज.

ते हसणं तेव्हा फार लागलं होतं. आता आठवतं ते वेगळंच. समोरच्या सातही जणी मागे सरकल्या होत्या, आणि मी अजून कुणाला हातही लावला नव्हता.