पाकिटातलं ओलं नाणं

माझे बाबा आयुष्यभर दुसऱ्यांचे दात बनवत आले. दवाखान्यांतून जबड्यांचे साचे यायचे, त्यावरून बाबा घरच्याच खोलीत कवळ्या तयार करायचे. गल्लीत सगळे त्यांना 'बत्तिशी' म्हणत, अर्थात पाठीमागे. तोंडावर म्हणायची कुणाची टाप नव्हती. राग त्यांच्या नाकाच्या शेंड्यावर असायचा, आणि समोरचा बोलत असला की ते त्याच्या डोळ्यांकडे न बघता दातांकडे बघायचे.

रविवारी मात्र कवळ्यांना सुट्टी. त्याच टेबलावर, त्याच भिंगाखाली, त्याच बारीक, टोकदार आकड्यांनी बाबा रोमन नाणी साफ करायचे. टपालाने पुडकं यायचं आणि त्यात निघायचे मातीचे पन्नास-साठ गोळे. सोळा-सतराशे वर्षांपूर्वी कुणाच्या तरी हातून पडलेली ती चिल्लर, अंगठ्याच्या नखापेक्षा जराशी मोठी. बॅटरीत घालतात त्या शुद्ध पाण्यात ती महिना-दोन महिने भिजायची. मग मऊ ब्रश, मग आकडी. घाई केली तर वरचा काळपट थर निघून येतो, आणि थराबरोबर चेहराही जातो, कारण चेहरा त्या थरातच उरलेला असतो. "भांडं घासत नाहीयेस तू," हे वाक्य मी त्या टेबलापाशी इतक्यांदा ऐकलं की पुढे मी भांडीसुद्धा भीतभीत घासायला लागले.

बाबांचे दोन नियम होते. एक, कडेची अक्षरं वाचल्याशिवाय नाण्याला नाव द्यायचं नाही, कारण चेहरे फसवतात. दुसरा, दिव्याखाली चार तास वाळवल्याशिवाय नाणं नाव लिहायच्या कागदी पाकिटात घालायचं नाही. आत ओल राहिली तर कीड लागते. म्हणजे फिक्या हिरव्या भुकटीचे ठिपके येतात आणि नाणं पोखरत जातात. नाण्यांची माणसं त्याला काय म्हणतात कोण जाणे, बाबा दातवाले, ते कीडच म्हणत.

टेबलाशी दोन स्टुलं होती. दुसऱ्यावर आई बसायची. तिला सम्राटांचं काडीचं कौतुक नव्हतं, पण मातीतून काय निघतंय ते बघायला तिला आवडायचं. वरवरची माती ब्रशनं काढायचं काम तिचं. एरवी ती लोकांचे कपडे उसवून मापात बसवून द्यायची. आठवडाभर दोघं आपापल्या खोलीत मान मोडून काम करायची आणि रविवारी त्या टेबलाशी खांद्याला खांदा लावून बसायची. माझ्या आईबाबांचा संसार मला नेमका कुठे दिसला असं कुणी विचारलं, तर मी ती दोन स्टुलं दाखवीन.

नऊ वर्षांपूर्वीच्या एका रविवारी बाबांचे मित्र आले होते, निवृत्त पोस्टमास्तर. त्यांनाही नाण्यांचा नाद. आईनं एक नाणं भिंगाखाली धरलं होतं. चेहरा मोकळा झाला होता, कड अजून मातीतच होती.

"अहो, ही बाई आहे," आई म्हणाली.

बाबांनी नाणं घेतलं. "बाई कसली? सम्राटाचा धाकटा मुलगा आहे."

"गळ्यात माळ आहे की. आणि मागे अंबाडा."

"माळ नाही, चिलखताची कड आहे ती. आणि अंबाडा नव्हे, डोक्याला बांधलेल्या फितीची गाठ."

"कोवळ्या पोराची मान अशी सैल पडत नाही हो. कुणाची तरी आई आहे ही." असं म्हणून तिनं पेन घेतलं आणि पाकिटावर तेच लिहिलं, कुणाची तरी आई. इतक्या वर्षांत पाकिटावर तिनं कधी काही लिहिलं नव्हतं.

बाबांनी पोस्टमास्तरांकडे बघितलं. "वीस वर्षं भिंगाला डोळा लावून बसलोय मी, आणि आता ही मला शिकवणार. तू विजारींच्या कमरा मोज. जा, चहा टाक."

पोस्टमास्तर हसले. मी दारात उभी होते, मीही हसले. बाबांनी तिची ओळ खोडली, खाली 'धाकटा राजपुत्र' लिहिलं, आणि रागाच्या भरात ते ओलं नाणं तसंच पाकिटात कोंबून खणात टाकलं. एका मिनिटात स्वतःचे दोन्ही नियम मोडले त्यांनी. आमच्यापैकी कुणाच्या ते लक्षातही आलं नाही.

आईनं चहा केला. ती रुसली नाही, भांडली नाही. पुढच्या रविवारी तिला कुणाचा तरी कोट उसवायचा होता, त्याच्या पुढच्या रविवारी आणखी काही. मग तिच्या स्टुलावर पाण्याच्या बरण्या आल्या. "आई बसत नाही हल्ली?" असं मी एकदा विचारलं, तर बाबा म्हणाले, "तिला कामं असतात." सहा वर्षं तिला कामं होती. मग ती आजारी पडली आणि तीन महिन्यांत गेली.

ती गेल्यावर दोन वर्षं बाबांनी तो खण उघडला नाही. ते पाकीट तिथे आहे हे त्यांना पक्कं माहीत होतं. शेकडो पाकिटांत तिच्या अक्षराचं तेवढं एकच. मी आता जवळच राहते. मागच्या हिवाळ्यात त्यांचा फोन आला, "येऊन जा." एवढंच.

गेले तर पाकीट त्यांच्या तळहातावर होतं. एक कोपरा हिरवा होऊन कुजला होता.

"कीड लागलीय," ते म्हणाले. "मीच ओलं ठेवलं होतं."

"वाचेल?"

"बघू."

मी स्टुलावरच्या बरण्या खाली ठेवल्या आणि बसले. त्यानंतर सहा रविवार आम्ही तेच केलं. आठवडाभर नाणं पाण्यात, रोज पाणी बदलायचं, आणि रविवारी आकडीनं हिरवी भुकटी टोकरायची. नाणं वाचवायचं तर कीड मुळापासून काढायला हवी होती, आणि कीड नेमकी चेहऱ्यावरच होती. बाबांचे हात आता कापतात. दर रविवारी चेहऱ्याचा थोडा भाग भुकटीबरोबर निघून यायचा. आधी हनुवटी गेली, मग मान. "थांबू या का?" मी विचारलं. "थांबलो तर सगळंच खाईल," बाबा म्हणाले आणि परत वाकले. मला त्यांचा राग येत होता आणि त्यांच्या कापऱ्या हाताची कीवही येत होती.

सहाव्या रविवारी कडेवरची माती सुटली. बाबांनी ती अक्षरं वाचली, भिंग पुसलं, परत वाचली, मग नाणं माझ्याकडे दिलं. "तू वाच."

मी एकेक अक्षर मोठ्यानं वाचलं. शेवटची अक्षरं बाईच्या पदवीची होती. नाण्यांच्या नोंदींचं जाड पुस्तक बाबांनी काढलं नाही, त्यांना पाठ होतं.

"सम्राटाची आई," ते म्हणाले.

मी नाणं उजेडात धरलं. नाव स्पष्ट होतं. चेहऱ्याच्या जागी मात्र खड्डा होता. माळ नव्हती, अंबाडा नव्हता. आईनं जे बघून ओळखलं होतं ते आता कुणालाच दिसणार नव्हतं.

"अक्षरं दिसत नव्हती तेव्हा," बाबा म्हणाले. "तिला कसं कळलं?"

"ती लोकांचे गळे शिवायची, बाबा. तिनं गळा बघितला."

बाबांनी नाणं माझ्या हातून परत घेतलं. मग नाण्याकडे बघतच म्हणाले, "त्या दिवशी मी फार बोललो का तिला?"

नाही म्हणणं सोपं होतं. तेच म्हणावं असं एकदा वाटलंही.

"हो," मी म्हणाले. "आणि मी हसले."

बाबांनी मान हलवली. नाणं दिव्याखाली ठेवलं, घड्याळ बघितलं. चार तास झाले, पाच झाले. ते वाळलं होतं, त्यांना दिसत होतं. तरी पाकिटात घालायला त्यांचा हात काही पुढे झाला नाही. त्यांनी दिवा थोडा खाली ओढला आणि ते बसून राहिले.